सत्तराव्या मिनिटाचा आकडा

घंटी वाजली तशी त्याने दोरी ओढायला घेतली. हाताला सवय होती. नजर मैदानावर ठेवूनही चार हिसक्यांत पत्र्याचा डबा खिडकीशी आला. डब्यात नेहमीसारखी घडी घातलेली चिठ्ठी होती आणि तिच्यावर लेकीच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, ६१४.

त्याने चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागे काही नव्हतं. एखादा अंक लिहायचा राहिला असेल म्हणून त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

"अगं, सहाशे चौदा?"

"सहाशे चौदाच," खालून, फाटकाच्या खोलीतून लेक ओरडली. "दोनदा ताडून पाहिलंय, बाबा."

सामन्याच्या सत्तराव्या मिनिटाला प्रेक्षकांचा आकडा जाहीर करायचा, हा क्लबचा जुना रिवाज. लेक सगळ्या फाटकांवरची मोजणी एकत्र करायची, चिठ्ठी डब्यात टाकून घंटी हलवायची आणि वर काचेच्या खोलीत बसलेला तिचा बाप तो आकडा माइकवरून सांगायचा. एकोणतीस वर्षं तो हे करत होता. सगळं शहर त्याला भोंगा म्हणे, तेही तोंडावर. त्याला त्यात काही गैर वाटत नसे. आवाजच तसा होता. गेल्या वर्षापर्यंत क्लब पहिल्या डिव्हिजनमध्ये होता तेव्हा 'अठरा हजार सातशे' असं म्हणताना त्याची छाती फुगायची आणि त्या अठरा हजारांचीही.

मग क्लब घसरून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आला, आणि त्यानंतर सहाव्या दिवशी त्याची बायको गेली. सकाळी चहा टाकायला उठली ती ओट्यापाशीच बसली, तेवढंच. भेटायला येणारी माणसं "फार वाईट झालं हो" म्हणायची, आणि हे नक्की कशाबद्दल चाललंय ते त्याला कळायचं नाही. काहींच्या बाबतीत तर त्यांनाही कळत नसावं.

पुढे सगळं उतरणीलाच लागलं. कर्णधार दुसऱ्या क्लबात गेला. गोलकीपरचं बोट मोडलं. दोन महिन्यांत दोन प्रशिक्षक झाले. तिसरा आला तो शाळेत कवायत शिकवणारा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत. देखभाल परवडेना म्हणून पूर्वेची गॅलरी बंद केली, चार हजार खुर्च्यांवर हिरवी ताडपत्री पसरली आणि फाटकाला साखळी घातली. सहा सामने झाले होते, सहाही हरले होते. आणि आता हे सहाशे चौदा.

त्याने माइकचं बटण दाबलं. "आज मैदानात उपस्थित असलेले प्रेक्षक," तो म्हणाला आणि थांबला. एवढ्या मोठ्या आवाजात एवढा लहान आकडा बोलायची त्याला लाज वाटली. "दोन हजार सहाशे चौदा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. समोरचे सहाशे चौदा लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणीतरी फिस्सकन हसलं. खालून लेकीने घंटी जोरात हलवली. त्या घंटीतला राग त्याला बरोबर कळला.

आणि मग पूर्वेकडून टाळ्या ऐकू आल्या.

आधी तुरळक, मग सरसर. बंद गॅलरीतून, ताडपत्रीच्या बाजूने. मैदानावरची पोरं थबकली, पण चेंडू थांबत नाही. गडबडीत समोरच्या संघातल्या एकाचा पाय घसरला आणि आपल्या स्ट्रायकरने चेंडू जाळ्यात घातला. त्याच गोलवर पुढे मोसमातला पहिला विजय मिळाला. भोंग्याने गोल जाहीर केला, घामेजलेला हात पँटला पुसला आणि दुर्बीण उचलून पूर्वेकडे लावली.

ताडपत्री जागच्या जागी होती. तिच्यावर माणसं बसली होती. दोन हजार असतील, मोजायची गरजच नव्हती. टाळ्यांचा आवाज आधी यायचा आणि हात नंतर हलायचे. तिसऱ्या रांगेत त्याला जुना टपालवाला दिसला, डोक्यावर तीच तिरकी टोपी. त्याला जाऊन चार वर्षं झाली होती. भोंगा स्वतः खांदा द्यायला गेला होता.

खेळ चालू होता, पण त्यांतलं कोणीच मैदानाकडे बघत नव्हतं. सगळे या काचेच्या खोलीकडे बघत होते.

सामना संपला तेव्हा गॅलरी रिकामी होती.

"माझ्या आकड्याला काही किंमत आहे की नाही?" घरी जाताना लेक म्हणाली. "पाच फाटकं मोजते मी. एक माणूस इकडचा तिकडे होत नाही. आणि तुम्ही वर बसून दोन हजार जन्माला घालता."

"जन्माला नाही घातले," तो म्हणाला. एरवी आख्ख्या शहराला ऐकू जाणारा माणूस, पण हे चार पावलांवरच्या लेकीलाही जेमतेम ऐकू गेलं.

त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि ती भीतीमुळे नव्हे. टपालवाला येतो, तर ती का येणार नाही? हा एकच विचार डोक्यात घुमत होता. ती पूर्वेच्याच गॅलरीत बसायची. खेळातलं तिला ओ की ठो कळत नसे. "तुमचा आवाज घरी ऐकतेच मी, इथे निदान सोबतीला लोक असतात," म्हणायची. अकराव्या रांगेतली जिन्याला लागून असलेली खुर्ची तिची, कारण गुडघा दुखायचा आणि पाय लांब करायला तिथे जागा मिळायची.

ही माणसं कुठल्या क्रमाने येतात कोण जाणे. पण आकडा वाढवत नेला तर तिचा नंबर कधीतरी लागेलच, असा हिशेब त्याने केला.

पुढच्या सामन्याला चिठ्ठीवर ५४० होते. तो तीन हजार पाचशे चाळीस म्हणाला. तीन हजार आले. अकरावी रांग त्याने दुर्बिणीतून दोनदा तपासली. शहरातला न्हावी होता, शाळेतल्या मुख्याध्यापिका होत्या, एका हाताने टाळी वाजवायला धडपडणारा गिरणीतला फिटर होता. ती नव्हती. क्लब दोन गोलने जिंकला.

त्यानंतरच्या सामन्याला तो चार हजार म्हणाला. तेव्हाही नव्हती.

बाहेरगावी क्लब सडकून मार खायचा आणि घरच्या मैदानावर जिंकायचा. एकदा पाहुण्या संघाने तक्रार केली की हे लोक गर्दीची टेप लावतात. दोन अधिकारी वर चढून आले, खोली उलटीपालटी केली; सापडलं काय, तर एक माइक, एक दुर्बीण आणि झाकण हरवलेला थर्मास. "मग आवाज कुठून येतो?" त्यांनी विचारलं. भोंग्याने पूर्वेकडे बोट दाखवलं. त्यांनी साखळी घातलेलं फाटक पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि चहाही न घेता निघून गेले.

मैदानाची निगा राखणारे माळीबुवा सकाळी ताडपत्री पाहून आले आणि लेकीला म्हणाले, "बसल्याचे खळगे पडलेत, पोरी. धूळ मात्र जशीच्या तशी आहे. मी आता तिकडे पाणी मारणार नाही. माझी नोकरी गेली तरी चालेल."

खऱ्या माणसांचा आकडा घसरत होता. कोणी म्हणे मैदानात भलता गारठा असतो. कोणी म्हणे बाहेरूनच एवढा कल्ला ऐकू येतो, आत जागा कुठली असणार. चिठ्ठीवर ४०२ आले, मग ३३०. लेक आता घंटी रागाने वाजवत नव्हती. एकदाच, हळू, वाजवायची.

"बाबा, थांबवा हे," एका संध्याकाळी ती म्हणाली. "जिवंत माणसं यायची बंद झाली तर क्लब कुणासाठी ठेवायचा?"

"अजून थोडं."

"कशासाठी अजून थोडं?"

त्याने दुर्बिणीच्या काचा पुसायला घेतल्या.

शेवटून दुसऱ्या सामन्याला चिठ्ठीवर २१२ होते. तो सहा हजार दोनशे बारा म्हणाला. म्हणताना त्याचा आवाज चिरकला; एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा.

गॅलरीत चार हजार खुर्च्या आणि माणसं सहा हजार. ती जिन्यावर आली, कठड्यांवर आली, एकमेकांना खेटून उभी राहिली. आवाज एवढा झाला की खोलीची काच थरथरायला लागली. क्लबने तीन गोल केले. भोंग्याने एकेक गोल जाहीर केला आणि दरवेळी माइक बंद करून दुर्बीण उचलली. तिसऱ्या गोलनंतर त्याला ती दिसली.

अंगावर शेवटच्या दिवशीची निळी साडी. ती अकराव्या रांगेपाशी जिन्यात उभी होती. तिच्या खुर्चीवर कोणी अनोळखी माणूस बसला होता, शेजारच्या खुर्च्यांवरही तसेच कोणी कोणी. ती एकदा वर बघत होती, एकदा खाली. कुठे जागा मिळते का ते शोधत होती. मागून येणारे तिला ढकलत होते. तिचा एक हात गुडघ्यावर होता.

सामना संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. तिच्याकडे त्याला जाता येत नव्हतं, आणि कोणाला 'जरा सरका हो' म्हणावं तर कोणाला म्हणणार? दुर्बीण मात्र त्याने खाली ठेवली नाही.

घरी आल्यावर तो जेवायला बसला आणि ताट पुढे सरकवून रडायला लागला. लेकीने त्याला आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. मग त्याने सगळं सांगितलं, टपालवाल्यापासून.

"दिसली?" शेवटी तिने विचारलं.

"दिसली."

"बसली होती?"

"नाही गं. जागाच नव्हती. माझ्यामुळे. मीच त्या सहा हजारांना बोलावलं."

"आणि गुडघा?"

"हात ठेवून उभी होती."

लेक उठली, तिने नळ सोडला आणि भांडी नसतानाही बराच वेळ हात धुतले. तिला हुंदका आवरेना. "एवढ्या लांबून आली," ती म्हणाली, "आणि कोणी बसायलासुद्धा दिलं नाही तिला."

शेवटचा सामना घरचाच होता. बरोबरी झाली तरी क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये टिकणार होता. हरला तर तिसरीत, आणि तिसरीत गेलेला क्लब बंद करायचं समितीने ठरवून टाकलं होतं. सकाळीच मास्तर जिना चढून वर आले. महिनाभर झोप नसल्यासारखे डोळे तांबारले होते.

"काका, मला काही विचारायचं नाही," ते म्हणाले. "तुम्ही काय करता, ती कोण आहेत, मला नका सांगू. पण आज दहा हजार म्हणा."

"मास्तर, जागा चार हजारांची आहे."

"उभे राहतील. मेलेल्या माणसाला उभं राहायला काय होतंय?" बोलून गेल्यावर मास्तर स्वतःच दचकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरांचं सगळं आजच्यावर आहे हो. त्यांच्या अंगात नाही तेवढं. तो आवाज आला की येतं कुठून तरी. तुम्हाला ठाऊक आहे."

त्याला ठाऊक होतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, आणि पोहरा भरत होता तो त्या मेलेल्यांच्याच जोरावर. "बघतो," तो म्हणाला.

चार वाजता खेळ सुरू झाला. विसाव्या मिनिटाला पाहुण्यांनी गोल केला, पंचेचाळिसाव्याला आपल्या पोरांनी फेडला. एकास एक. हाफ टाइमनंतर ती पोरं दमलेली दिसायला लागली. साठाव्या मिनिटापासून सगळा खेळ आपल्याच गोलपुढे चालला होता आणि गोलकीपर मोडक्या बोटाला पट्टी बांधून इकडून तिकडे झेपावत होता. रेषेपाशी उभे असलेले मास्तर खेळ सोडून वर काचेकडे बघत होते. बाकावरची पोरंही बघत होती. दोनशेही भरणार नाहीत एवढे पश्चिमेकडचे लोक होते, तेसुद्धा मान वळवून बघत होते. पूर्वेची गॅलरी रिकामी होती. ताडपत्री वाऱ्याने फडफडत होती.

घंटी वाजली. एकदा, हळू.

त्याने दोरी ओढली. आज हात सराईत नव्हते; डबा दोनदा भिंतीला आपटला. चिठ्ठी काढून त्याने घडी उलगडली. लेकीने आधी १८७ लिहिलं होतं. मग त्यावर आडवी रेघ मारली होती. लेकीने चिठ्ठीवर खाडाखोड केलेली त्याने कधीच पाहिली नव्हती. खाली तिच्याच ठसठशीत अक्षरात होतं :

'आईला धरून १८८.'

भोंग्याने ती ओळ तीनदा वाचली. चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. खाली मास्तरांनी दोन्ही हातांची दहा बोटं वर करून दाखवली.

त्याने बटण दाबलं.

"आज मैदानात उपस्थित असलेले प्रेक्षक," तो म्हणाला, आणि आवाज पूर्वीसारखा भरीव निघाला, अठरा हजार असताना निघायचा तसा. "एकशे अठ्ठ्याऐंशी."

मैदानावर एकदम शांतता झाली. टाळ्या आल्या नाहीत. गर्जना आली नाही. मास्तरांचे हात हवेतच राहिले आणि मग सावकाश खाली आले. नव्या कर्णधाराने पूर्वेकडे पाहिलं, वाट पाहिली, मग मान खाली घालून धावायला लागला.

त्याने दुर्बीण लावली. चार हजार खुर्च्यांवर हिरवी ताडपत्री, दुसरं काही नाही. तो रांगा मोजत गेला. आठ, नऊ, दहा. जिन्याच्या वरच्या टोकाला निळं काहीतरी हललं. एक हात कठड्यावर, एक पायरी, थांबणं, पुन्हा एक पायरी. तिला घाई नव्हती. मागून कोणी ढकलत नव्हतं.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला पाहुण्यांचा कॉर्नर आला आणि मोडक्या बोटाच्या वरून चेंडू आत गेला. पाहुण्यांचे बाकावरचे खेळाडू नाचत मैदानात धावले. आपली पोरं होती तिथेच खाली बसली. मास्तरांनी टोपी काढून गवतावर आपटली. आपला असो की परका, गोल जाहीर करणं त्याचं काम होतं. त्याने गोल करणाऱ्याचा नंबर सांगितला, मिनिट सांगितलं, गोलसंख्या दोन-एक सांगितली. सांगताना डोळ्यांतून पाणी वाहत होतं, क्लबसाठीही वाहत होतं. एकोणतीस वर्षं काही थोडी नव्हेत.

पश्चिमेकडे कोणीतरी उठून टाळ्या वाजवायला लागलं, पोरांसाठी. मग शेजारचा उठला. एकशे सत्त्याऐंशी माणसांच्या टाळ्या होत्या त्या. फारशा मोठ्या नव्हत्या, आणि प्रत्येक हात आवाजाबरोबरच हलत होता.

तेवढ्यात पुन्हा घंटी वाजली. सत्तराव्या मिनिटानंतर कधीच वाजत नसे. त्याने डबा वर घेतला. खाली फाटकाच्या खोलीतून पूर्वेची गॅलरी दिसत नाही, मध्ये भिंत येते.

चिठ्ठीवर एवढंच होतं : 'बसली का?'

त्याने एकदा काचेतून समोर पाहिलं. मग खिशातून पेन काढलं, चिठ्ठी उलटी केली आणि लिहिलं, 'बसली. पाय लांब करून.' चिठ्ठीची नीट घडी घातली आणि दोरी हळूहळू सोडत डबा खाली पाठवला.